परदेश प्रवासापूर्वीच्या लसी: कोणत्या घ्याव्यात, केव्हा घ्याव्यात आणि खर्च कसा सांभाळावा

परदेशी जाण्याची तारीख ठरली की व्हिसा, तिकीट आणि राहण्याची सोय यांच्या मागे सगळे लागतात. लसींची आठवण होते ती बहुधा अखेरच्या आठवड्यात. त्या वेळी मिळेल ती लस मागतील त्या पैशांत घ्यावी लागते आणि काही लसींसाठी तर दिवसच उरलेले नसतात. हे टाळणे फारसे अवघड नाही. थोडी आधी चौकशी केली तर त्रास आणि खर्च दोन्ही कमी होतात. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या प्रवाशांनी कोणत्या क्रमाने काय करावे, हे पुढे सविस्तर दिले आहे.

आधी दोन याद्या करा

या विषयात नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ एकाच ठिकाणी होतो. एखाद्या देशात प्रवेश मिळण्यासाठी कोणत्या लसीचा पुरावा लागतो हा एक प्रश्न आहे, आणि त्या देशात गेल्यावर आजारी पडू नये म्हणून कोणत्या लसी घ्याव्यात हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी असतात, म्हणून कागदावर दोन स्वतंत्र याद्या करूनच पुढच्या तयारीला लागावे.

पहिली यादी छोटी असते, अनेकदा ती कोरीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत प्रवेशाची अट म्हणून पुरावा मागता येईल असा एकच आजार नावानिशी नमूद आहे, तो म्हणजे पीतज्वर, अर्थात यलो फिव्हर. याखेरीज काही विशेष अटी आहेत. हज किंवा उमरा यात्रेला जाणाऱ्यांकडून सौदी अरेबिया मेनिंगोकॉकल आजाराच्या (जिवाणूंमुळे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेच्या) ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही प्रकारांना रोखणाऱ्या लसीचे प्रमाणपत्र मागतो आणि ती लस तेथे पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. पोलिओचे विषाणू ज्या देशांत अजून फिरत आहेत, तेथे चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ राहिलेल्यांनी देश सोडण्यापूर्वी पोलिओची मात्रा घ्यावी अशी शिफारस २०१४ पासून आहे. ही मात्रा निघण्याच्या आधी चार आठवडे ते बारा महिने या काळात घेतलेली असावी. पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, लसीची सक्ती १९७३ मध्येच नियमावलीतून काढली गेली आणि देवीच्या रोगाचे निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झाले. या दोन्हींच्या प्रमाणपत्रांबद्दल कोणी जुना प्रवासी सांगू लागला तर ते आता लागू नाही हे लक्षात ठेवावे.

दुसरी यादी मोठी असते आणि ती देशाच्या नावावरून पूर्ण होत नाही. त्याच देशात राजधानीच्या हॉटेलात चार दिवस बैठकांसाठी राहणाऱ्याची गरज वेगळी आणि खेड्यात तीन महिने शिकवायला जाणाऱ्याची गरज वेगळी. ऋतू कोणता, मुक्काम किती, प्राण्यांशी संबंध येणार का, खाणेपिणे कोठे होणार, प्रवाशाचे वय काय, त्याला कोणते आजार आहेत, या सगळ्यांवर ही यादी ठरते. म्हणून मित्राने घेतलेल्या लसींची यादी जशीच्या तशी उचलू नये, मग तो त्याच देशात जाऊन आलेला का असेना.

पहिली यादी करताना फक्त जाण्याचा देश पाहून थांबू नये. वाटेत विमान कोठे बदलायचे आहे, तेथे किती तास थांबायचे आहे आणि परतीच्या वाटेवर कोणते देश लागणार आहेत, हेही लिहून काढावे. पीतज्वर आफ्रिकेच्या आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आढळतो. आशियात तो नाही, परंतु तो पसरवणारा एडिस डास मात्र आशियात मुबलक आहे. त्यामुळे विषाणू एकदा आला तर पसरायला वेळ लागणार नाही, या चिंतेने आशियातले अनेक देश पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे प्रमाणपत्र तपासतात. काही देश अशा प्रदेशातील विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त झालेला थांबाही मोजतात. म्हणजे जाताना कोणी काही विचारले नाही तरी घरी परतताना अडवले जाण्याची शक्यता राहते, आणि प्रमाणपत्र नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार नियमावलीने देशांना दिला आहे.

किती आधी सुरुवात करावी

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी पहिली भेट व्हावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मुक्काम लांबचा असेल, लहान मुले बरोबर असतील किंवा प्रवासी गर्भवती असेल, तर त्याहूनही आधी जावे. या कालावधीमागची कारणे नीट समजून घेतली तर वेळापत्रक आखणे सोपे जाते.

लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात. पीतज्वराचे प्रमाणपत्र तर पहिल्या मात्रेनंतर दहा दिवस पूर्ण झाल्यावरच वैध होते. दुसरे कारण असे की काही लसींच्या एकापेक्षा जास्त मात्रा असतात आणि त्यांच्यात ठरावीक अंतर ठेवावे लागते. हिपॅटायटिस बी ची नेहमीची मालिका शून्य, एक आणि सहा महिने अशी आहे. जपानी मेंदूज्वराच्या प्रचलित लसीच्या दोन मात्रांत अठ्ठावीस दिवसांचे अंतर असते आणि दुसरी मात्रा निघण्याच्या किमान आठवडाभर आधी व्हायला हवी. रेबीजच्या प्रतिबंधक मात्रा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार पहिल्या आणि आठव्या दिवशी घेता येतात. काही ठिकाणी मात्र अजून तीन मात्रांची जुनी मालिका वापरली जाते.

तिसरे कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पीतज्वर, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसी जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंच्या असतात. इंजेक्शनने द्यायच्या अशा दोन लसी एकाच दिवशी तरी द्याव्या लागतात, नाहीतर त्यांच्यात चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. मधल्या दिवसांत दिली तर दुसरीचा परिणाम कमी होऊ शकतो. पीतज्वर आणि गोवर यांच्या लसी तर वेळ असेल तेव्हा चार आठवड्यांच्या अंतरानेच द्याव्यात असे अनेक तज्ज्ञ सांगतात. निष्क्रिय लसींना असे बंधन नाही, त्या कोणत्याही दिवशी दुसऱ्या लसींबरोबर देता येतात.

एक उदाहरण मांडून पाहू. एखादा प्रवासी आठ आठवड्यांनी पूर्व आफ्रिकेत दोन महिन्यांसाठी, ग्रामीण भागात काम करण्यासाठी जाणार आहे. पहिल्या दिवशी तो पीतज्वर, हिपॅटायटिस ए आणि रेबीजची पहिली मात्रा घेतो. आठव्या दिवशी रेबीजची दुसरी मात्रा, तिच्याबरोबर विषमज्वराचे म्हणजे टायफॉइडचे इंजेक्शन आणि धनुर्वात-घटसर्पाची वर्धक मात्रा. गोवराच्या दोन मात्रा झाल्याची नोंद त्याच्याकडे नाही, म्हणून पाचव्या आठवड्यात त्याची एक मात्रा. तीन फेऱ्यांत काम संपते, खर्चही तीन हप्त्यांत विभागला जातो आणि एखादी लस त्या दिवशी शिल्लक नसली तरी पुढच्या फेरीपर्यंत ती मागवायला वेळ राहतो. हाच प्रवासी दहा दिवस आधी गेला असता तर रेबीजची मालिका कशीबशी बसली असती, पीतज्वराचे प्रमाणपत्र अगदी काठावर वैध झाले असते आणि सगळे पैसे एकदम द्यावे लागले असते.

तरीही उशीर झाला म्हणून लसीसाठी डॉक्टरांकडे जाणेच सोडून देऊ नये. हिपॅटायटिस ए ची एक मात्रा निघण्याच्या आदल्या दिवशी घेतली तरी उपयोगी पडते, कारण त्या आजाराचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात आणि तेवढ्यात लस आपले काम करू लागते. हिपॅटायटिस बी आणि जपानी मेंदूज्वर यांच्यासाठी प्रौढांना जलद मालिकाही उपलब्ध आहेत.

सल्ल्याच्या भेटीला काय न्यावे

प्रवास-आरोग्य केंद्रात किंवा या विषयाची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. दिवसवार प्रवासाचा आराखडा, पासपोर्ट, आजवरच्या लसींच्या नोंदी, नेहमी घेत असलेल्या औषधांची यादी आणि पूर्वी कोणत्या लसीची किंवा पदार्थाची ॲलर्जी आली असल्यास तिचा तपशील, एवढे बरोबर असावे. लहानपणीचे लसीकरण कार्ड शोधून काढायला थोडा त्रास पडतो, पण तो घेण्यासारखा आहे. जुनी नोंद सापडली की पुन्हा पैसे भरून तीच लस घ्यावी लागत नाही. बहुतेक लसींच्या बाबतीत अर्धवट राहिलेली मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेल्या मात्रा पूर्ण केल्या की पुरते.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपण होऊन सांगाव्यात: गर्भधारणा किंवा तिची शक्यता, स्तनपान, कर्करोगावरचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, थायमस ग्रंथीचे विकार, अंड्याची तीव्र ॲलर्जी. जिवंत विषाणूंच्या लसी यांतल्या अनेक परिस्थितींत चालत नाहीत. संकोचाने यांतले काही लपवणे धोक्याचे आहे.

पीतज्वराचे प्रमाणपत्र

या एका कागदाबद्दल जास्त सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण लस व्यवस्थित घेऊनही निव्वळ कागदातल्या चुकीमुळे प्रवासी अडकू शकतात.

पीतज्वराची लस कोणत्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. प्रत्येक देशाच्या शासनाने त्यासाठी केंद्रे नेमून दिलेली असतात आणि त्यांच्याकडे अधिकृत शिक्का असतो. दुसऱ्या कोणी दिलेले प्रमाणपत्र सीमेवर ग्राह्य धरले जात नाही. लसीच्या एका कुपीत अनेकदा पाच किंवा दहा मात्रा असतात आणि ती विरघळवल्यावर सहा तासांच्या आत संपवावी लागते. म्हणूनच पुष्कळ केंद्रे आठवड्यातला एखादा वार ठरवून त्या दिवशीच ही लस देतात. केंद्राचा वार आणि वेळ आधी विचारून नाव नोंदवावे, अन्यथा हेलपाटा पडतो.

लस दिल्यावर पिवळ्या रंगाची पुस्तिका हातात येते. ती खिशात टाकण्यापूर्वी तेथेच उभे राहून एकेक रकाना वाचावा. नाव पासपोर्टवर आहे त्याच अक्षरांत आणि त्याच क्रमाने आहे का? जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का? तारखेतला महिना अक्षरांत लिहिलेला असावा, कारण नुसत्या आकड्यांत लिहिला तर काही देशांत दिवस आणि महिना यांची उलटापालट होते. त्यापुढे लस बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक, देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची स्वतःच्या हातची सही आणि त्यांचे पद, आणि केंद्राचा शिक्का असतो. नोंदी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असाव्या लागतात. खाडाखोड झाली, एखादा रकाना रिकामा राहिला, तर प्रमाणपत्र अवैध ठरवले जाऊ शकते. अशी चूक दिसली तर त्यावर दुरुस्ती न करवता नवीन पुस्तिकाच मागावी. स्वतःची सही करायला विसरू नये. प्रत्येक मुलाची पुस्तिका वेगळी असते आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी पालक सही करतात.

हे प्रमाणपत्र पूर्वी दहा वर्षे चालत असे. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर वैध मानले जाते आणि त्याआधी दिलेल्या प्रमाणपत्रांनाही हाच नियम लागू आहे. त्यामुळे जुनी पुस्तिका सुस्थितीत असेल तर केवळ दहा वर्षे उलटली म्हणून नव्या मात्रेचे पैसे भरण्याचे कारण नाही. पुस्तिका हरवली तर ज्या केंद्रात लस घेतली तेथे तारीख आणि बॅच क्रमांकाच्या आधारे दुसरी प्रत मिळू शकते, म्हणून घेतल्याच्या दिवशीच तिचे छायाचित्र काढून ठेवावे.

ही लस सर्वांना देता येत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना ती देत नाहीत आणि नऊ महिन्यांपर्यंत सहसा टाळतात. साठ वर्षांवरच्या व्यक्तीला पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. तो दुर्मीळ आहे, पण आहे, त्यामुळे प्रवास खरोखर आवश्यक आहे का याचा विचार डॉक्टरांबरोबर मोकळेपणाने करावा. वैद्यकीय कारणाने लस देता येत नसेल तर डॉक्टर कारणासह सूट-पत्र देतात, तेही इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. ते स्वीकारायचे की नाही हे समोरच्या देशाच्या हाती असल्यामुळे निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. शिवाय सूट-पत्राने कागदाची अडचण सुटते, डासापासून संरक्षण होत नाही. अशा प्रवाशाने पीतज्वराच्या भागात न जाणेच श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे. बनावट प्रमाणपत्र विकत घेणाऱ्यांचेही असेच आहे. कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी पैसे भरून ते स्वतःला उघड्यावर टाकत असतात, आणि पीतज्वरावर नेमका उपचार करणारे औषध आजही नाही.

बाकीच्या लसींतून निवड कशी करावी

नव्या नावांकडे वळण्याआधी नेहमीच्या लसी पूर्ण आहेत का हे पाहावे. धनुर्वात आणि घटसर्पाची वर्धक मात्रा दर दहा वर्षांनी, गोवराच्या दोन मात्रा, पोलिओ, आणि मोसमानुसार फ्लू. गोवर हा आफ्रिका-आशियापुरता आजार आहे असे समजू नये. युरोप आणि अमेरिकेतही त्याचे उद्रेक झाले आहेत. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी न्यायचे असेल तर त्याला गोवराची एक जादा मात्रा लवकर देण्याची पद्धत अनेक देशांत आहे. ती नेहमीच्या दोन मात्रांत मोजत नाहीत.

दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या आजारांत हिपॅटायटिस ए ची लस सर्वांत फायद्याची ठरते. एक मात्रा प्रवासापुरती पुरते आणि सहा ते बारा महिन्यांनी दुसरी घेतली की कित्येक दशकांचे संरक्षण मिळते. विषमज्वराच्या साध्या इंजेक्शनचा परिणाम दोन ते तीन वर्षे टिकतो आणि तो पूर्ण नसतो. लस घेतली तरी पाणी उकळून किंवा बंद बाटलीतूनच प्यावे लागते. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूल असतील तर त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात आणि त्याच दिवसांत प्रतिजैविके चालू असतील तर त्यांचा उपयोग होत नाही. पटकीची लस सामान्य पर्यटकाला क्वचितच लागते. साथीच्या भागात मदतकार्याला जाणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

रेबीजच्या लसीविषयी प्रवासी सर्वाधिक टाळाटाळ करतात, कारण ती महाग वाटते आणि कुत्रा चावलाच तर तेव्हा पाहू असे वाटते. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. आधी लस न घेतलेल्या माणसाला संशयित प्राण्याने चावून रक्त काढले तर त्याला लसीच्या मात्रांबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडे, हेही द्यावे लागते. ते महाग असते आणि जगाच्या बऱ्याच भागांत, विशेषतः शहरांपासून दूर, मिळतच नाही. त्यासाठी प्रवास अर्धवट सोडून दुसऱ्या देशात धावावे लागू शकते. आधी मालिका घेतलेल्या माणसाला इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही, लसीच्या दोन मात्रा पुरतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे मात्र दोघांनाही चुकत नाही. लांबचा मुक्काम, सायकलीवरचा प्रवास, गुहांतली भटकंती, प्राण्यांजवळचे काम किंवा बरोबर लहान मुले असतील तर या लसीवर केलेला खर्च वाया जात नाही.

जपानी मेंदूज्वर आशियाच्या ग्रामीण भागात, भातशेती आणि डुकरे असलेल्या ठिकाणी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावणाऱ्या डासांमुळे होतो. शहरातल्या आठवड्याभराच्या मुक्कामाला ही लस सहसा लागत नाही. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात डिसेंबर ते जून या कोरड्या काळात जाणाऱ्यांना मेनिंगोकॉकलची लस सुचवली जाते. मध्य आणि पूर्व युरोपातल्या जंगलांत पदभ्रमण करणाऱ्यांसाठी गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस आहे.

मलेरियाचा उल्लेख येथे आवर्जून करायला हवा. २०२१ पासून त्याच्या लसींची शिफारस होऊ लागली आहे, पण ती मलेरियाग्रस्त भागात राहणाऱ्या मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. प्रवाशाने गोळ्याच घ्यायच्या असतात. त्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यावरही काही काळ चालू ठेवायच्या असतात, औषधानुसार एक ते चार आठवडे, आणि त्यांचा खर्च लसींच्या हिशेबात आधीच धरावा.

खर्चाचा हिशेब

लसीची किंमत म्हणून फोनवर जो आकडा सांगितला जातो, तो शेवटच्या बिलाचा एक भाग असतो. सल्ल्याची फी वेगळी असू शकते, प्रत्येक इंजेक्शन टोचण्याचे शुल्क वेगळे असू शकते, पीतज्वराच्या पुस्तिकेचे पैसे वेगळे घेतले जातात आणि सांगितलेली किंमत एका मात्रेची आहे की पूर्ण मालिकेची, हे स्पष्ट नसते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वीच विचारावे: सल्ल्याची फी किती आणि ती पुढच्या प्रत्येक फेरीला पुन्हा लागते का, प्रत्येक लसीच्या किती मात्रा आणि प्रत्येकीचे किती, लस शिल्लक आहे की मागवावी लागेल, मागवली तर आगाऊ रक्कम किती आणि प्रवास रद्द झाला तर ती परत मिळेल का. या प्रश्नांची लेखी उत्तरे, निदान संदेशावर, घेऊन दोन-तीन केंद्रांची तुलना केली तर फरक लगेच लक्षात येतो. संकोच करू नये. चांगले केंद्र अशी माहिती आनंदाने देते.

त्यानंतर हे पैसे दुसरे कोणी देणार आहे का याचा शोध घ्यावा. कामानिमित्त जात असाल तर नियोक्त्याकडे, शिक्षणासाठी जात असाल तर विद्यापीठाच्या आरोग्य विभागाकडे, सेवाकार्यासाठी जात असाल तर संबंधित संस्थेकडे आधी लेखी विचारणा करावी. लस घेऊन झाल्यावर परतावा मागणे अवघड जाते. शासकीय आरोग्य यंत्रणा नेहमीच्या लसी अनेक ठिकाणी मोफत किंवा अल्प दरात देतात, पण निव्वळ प्रवासासाठी लागणाऱ्या लसी बहुधा त्यांत नसतात. यामागचे तत्त्व ब्रिटनच्या उदाहरणावरून कळते: तेथील एनएचएस ही शासकीय आरोग्य सेवा विषमज्वर, हिपॅटायटिस ए, पटकी आणि धनुर्वात-घटसर्प-पोलिओ यांच्या लसी मोफत देते, कारण हे आजार प्रवाशाबरोबर परत आले तर इतरांना धोका संभवतो, पीतज्वर, रेबीज आणि जपानी मेंदूज्वर यांचे पैसे मात्र प्रवाशालाच भरावे लागतात. आपापल्या देशात ही रेषा कोठे ओढली आहे हे पाहून मोफत मिळणाऱ्या लसी नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि उरलेल्याच प्रवास केंद्रात घेणे हा खर्च कमी करण्याचा सर्वांत साधा मार्ग आहे.

आरोग्य विम्याच्या बाबतीत पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी. प्रतिबंधक लसी समाविष्ट असल्या तरी प्रवासासाठी घेतलेल्या वगळलेल्या असू शकतात. प्रवास विमा साधारणपणे आजारी पडल्यावरचा खर्च उचलतो, लसीचा नाही. दावा करायचा असेल तर नुसती एकूण रकमेची पावती चालत नाही. प्रत्येक लसीचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, तारीख आणि रक्कम वेगवेगळी दाखवणारे बिल, तसेच डॉक्टरांची लेखी शिफारस घ्यावी. पूर्वमंजुरी लागते का हेही आधी विचारावे.

सगळे स्वतःलाच भरायचे असेल आणि रक्कम आवाक्याबाहेर जात असेल तर डॉक्टरांना ते सरळ सांगावे आणि यादीचा क्रम लावून घ्यावा. माझ्या मते कायद्याने लागणारी लस पहिली. नंतर नेहमीच्या लसींतल्या राहून गेलेल्या मात्रा. त्यानंतर ज्या आजाराची शक्यता जास्त आहे किंवा ज्यावर उपचार नाही अशांच्या लसी. आणि सर्वांत शेवटी क्वचित घडणाऱ्या व उपचारांनी बऱ्या होणाऱ्या आजारांच्या. हिपॅटायटिस ए सारख्या लसीचा खर्च पुढच्या अनेक प्रवासांत विभागला जातो, तर विषमज्वराच्या लसीचा दोन-तीन वर्षांतच संपतो, हाही विचार करावा. कुटुंब किंवा गट एकत्र जात असेल तर रेबीजची लस त्वचेत अल्प प्रमाणात देण्याची मान्यताप्राप्त पद्धत विचारून पाहावी. एक कुपी अनेकांत वापरली गेल्याने खर्च बराच उतरतो, मात्र ती देणारा माणूस त्यात तयार असायला हवा आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती पद्धत चालत नाही.

एका ठिकाणी काटकसर करू नये. औषधाच्या दुकानातून स्वस्तात लस घेऊन ती पिशवीतून दवाखान्यात नेणे टाळावे. बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने त्या निकामी होतात आणि बर्फाला टेकून गोठल्या तरी अनेक लसी तितक्याच निकामी होतात. बिघडलेली लस दिसायला चांगलीच असते, त्यामुळे फसगत कळतही नाही. पीतज्वराची लस पोहोचल्यावर विमानतळावर घेऊ, हा बेतही करू नये. तेथे सुई आणि साठवण यांची खात्री नसते आणि प्रमाणपत्र तर दहा दिवसांनी वैध होणार असते.

लस घेण्याचा दिवस आणि नंतर

लस घेताना पोटभर खाऊन जावे, सैल बाह्यांचे कपडे घालावेत आणि टोचल्यावर पंधरा मिनिटे केंद्रातच बसावे; चक्कर येणे किंवा तीव्र ॲलर्जी यांची लक्षणे बहुधा याच वेळेत दिसतात. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस कसकस वाटणे हे नेहमीचे आहे. पीतज्वर किंवा गोवर यांच्या लसीनंतर असा ताप काही दिवसांनी येऊ शकतो, म्हणून ती निघण्याच्या आदल्या दिवसावर ढकलू नये. ताप जास्त दिवस राहिला, श्वास लागला, कावीळ दिसली किंवा गोंधळल्यासारखे झाले तर लगेच डॉक्टरांकडे जाऊन कोणती लस केव्हा घेतली हे सांगावे.

मूळ पुस्तिका पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नाही. मेनिंगोकॉकलच्या प्रमाणपत्राची मुदत लसीच्या प्रकारानुसार तीन किंवा पाच वर्षे असते, ती तारीख स्वतंत्रपणे लिहून ठेवावी. परतल्यावर हिपॅटायटिस ए किंवा बी ची राहिलेली मात्रा केव्हा घ्यायची, याची नोंद निघण्यापूर्वीच दिनदर्शिकेत करावी. ही शेवटची मात्रा चुकली तर आधीच्या खर्चाचे दीर्घकालीन फळ मिळत नाही.

मलेरियाच्या भागातून परत आल्यावर पुढच्या तीन महिन्यांत, आणि क्वचित वर्षभरातही, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कोणत्या देशात, कोणत्या भागात आणि किती दिवस होतो, कोणत्या लसी घेतल्या आणि गोळ्यांचा क्रम पूर्ण केला की मध्येच सोडला, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगावे आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे. गोळ्या नियमित घेतल्या होत्या म्हणून मलेरिया नाही किंवा लस घेतली होती म्हणून विषमज्वर नाही, असे घरच्या घरी ठरवून वाट पाहत बसू नये.